कोर्ट जवळ आलं

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

झालं एकदाचं! कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच. अठरा तारखेपासून सुरू. आमच्या सांगली-कोल्हापूर-सातारा ग्रुपवर कालपासून नुसते फटाके, हार, गुलाल. पन्नास वर्षांची मागणी, अमुक, तमुक. कराडचा चेतन भडंगाचा पुडा घेऊन खोलीवर आला. म्हणाला, "रामेश्वर, लेका, पहिली सही तुझी होती की त्या निवेदनावर!"

होती. दोन वर्षांमागे मीच तो कागद घेऊन इथं आखातात, इंडस्ट्रियल एरियात खोल्याखोल्यांतून हिंडलो होतो. बसच्या रांगेत माणसं धरून सह्या घेतल्या. हायकोर्ट आपल्या दारात आलं पाहिजे, म्हातारी माणसं मुंबईला हेलपाटे घालून मरायला लागलीत — असलं काय काय बोललो होतो. तेव्हा खरंच वाटत होतं.

आज काय वाटलं? काही नाही. भडंग खाल्लं. जरा मऊ पडलेलं होतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

डे शिफ्ट. हमद पोर्टवर आज कंटेनरचे डबेच डबे. दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसलो. पायाखाली काच, काचेखाली डबा, डब्याखाली ट्रेलर. उचल, सरकव, ठेव. बरं असतं. डोक्याला काम नसतं.

अश्फाक विचारत होता, "तुझी केस पण कोल्हापूरला जाणार काय रे?" अश्फाक माझ्या खोलीतला. दापोलीचा, एका गोदामात स्टोअरकीपर. मी म्हटलं, जाणार. तो म्हणाला, "मग चांगला झाला ना! आमाला रत्नागिरीवाल्यांना काय, मुंबई लांब नि कोल्हापूर पण लांब. तुझा तरी भला झाला."

भलं झालं. हो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सुट्टी. कपडे धुतले. कोर्टाचा शर्ट पण काढून धुतला, उगाच. आकाशी, पूर्ण बाह्यांचा. प्रत्येक तारखेला हाच घालतो.

कुणाला सांगणार, इथंच लिहितो. कोल्हापूरला बेंच झालं याचा मला आनंद झालेला नाही. उलट भीती वाटतेय.

शरयू, माझी पोरगी, आता दहा वर्षांची. मी तिला शेवटचं घरात पाहिलं ती चार वर्षांची होती. राणी, माझी बायको, तेव्हा माहेरी निघून गेली होती, इस्लामपूरला. मी सुट्टीवर गेलो, आणि एक दिवस कुणालाही न सांगता शरयूला बालवाडीतून उचलली आणि मिरजेला बबीताकडे, माझ्या बहिणीकडे, नेऊन ठेवली. दोन दिवस. माझीच पोरगी, मला कसली परवानगी — असं वाटलं होतं. राणीचे वडील पोपटराव पोलिसांत गेले. शरयू दोन रात्री रडून आजारी पडली. हे मी कोर्टात कधी कबूल केलं नाही, पण पडली होती. सांगलीच्या कोर्टाने सगळं नाकारलं. भेट नाही, फोन नाही. मी हायकोर्टात अपील केलं.

आणि मग हायकोर्टामुळेच ती मला दिसायला लागली. पहिल्या तारखेला जजसाहेबांनी मुलीला आणा म्हणून सांगितलं, चेंबरमध्ये तिच्याशी बोलले. तिथून पुढे प्रत्येक तारखेला राणी तिला घेऊन येते. कोर्टाचा हुकूम, आणावंच लागतं. बावीसच्या मार्चपासून आजवर सहा वेळा. वर्षातून एकदा, कधी दोनदा. व्हरांड्यातल्या बाकावर, तासभर. कधी समोर मैदानाच्या कडेला उभं राहून आईस्क्रीम. राणी तेवढ्या वेळात नेमकी तिच्या वकिलाकडे कागद बघायला जाते. माझं तोंड बघायचं नसतं तिला. बरंच आहे.

शरयू माझ्या शेजारी उभी राहते आणि मी शर्टाची बटणं मोजतो. पहिल्या वेळी खालून दुसऱ्या बटणापर्यंत होती. फेब्रुवारीत वरून तिसऱ्यापर्यंत आली. एवढीच माझी संपत्ती.

म्हणून मी तारखा लांबवतो. वकील मॅडमना सांगतो — माझी रजा नाही, पुढची घ्या. निकाल लागला तर तारखा संपतील, आणि निकाल माझ्या बाजूने लागेल असं मला कधीच वाटलं नाही. आणि समोरच्या वकिलाने तारीख मागण्याला कधी हरकत घेतली नाही. आळशी माणूस दिसतो.

सोमवार, १८ ऑगस्ट

बेंच सुरू झालं. ग्रुपवर फोटो. सीपीआर हॉस्पिटलसमोरची जुनी इमारत, रंगवून झकास केलीय. गर्दी जत्रेसारखी.

आज तापमान शेहेचाळीस. बसचा एसी बंद.

बुधवार, ३ सप्टेंबर

सत्यभामा मॅडमचा फोन. मॅडम सांगलीच्या, माझ्या वकील. आवाजातच आनंद मावत नव्हता. "तुमची फाईल आली बरं का इकडं! आता मला रात्रीची गाडी नको, मुंबईचा लॉज नको. सकाळी डबा घेऊन निघाले की अकराला कोर्टात. आणि तुमचं अपील आता रखडायचं नाही. दोन-तीन तारखांत संपवू."

मी म्हटलं, वा.

"आवाज असा का हो तुमचा? बरं वाटलं नाही का?"

म्हटलं, ड्युटीवर आहे.

संध्याकाळी त्यांनी कसलीशी पीडीएफ पाठवली. अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, उघडली नाही. मी कधीच उघडत नाही. इंग्रजी, पानंच्या पानं. कामाची गोष्ट एकच असते, पुढची तारीख, आणि ती मॅडम मेसेजात लिहितात.

एकोणीस नोव्हेंबर.

रविवार, २१ सप्टेंबर

काही नाही. नाइट संपवून झोपलो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

अश्फाकबरोबर बाजारात. शरयूला बूट घेतले. दर वेळी घेतो, दर वेळी माप चुकतं. मागच्या वेळी तिनं पायात घालून दोन पावलं टाकली, हसली आणि म्हणाली, "बाबा, मी मोठी झालीय!" मी पण हसलो. मग ते बूट पिशवीत टाकून घेऊन गेली. कुणाला दिले असतील देव जाणे.

या वेळी दोन नंबर वाढवून घेतले. अश्फाक म्हणाला, "अरे, ती काय तुझ्याएवढी झाली काय?"

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. चेतनने खोलीवर चकल्या तळल्या, शेजारचे तक्रार घेऊन आले आणि चकल्या खाऊन गेले. सगळ्यांचे घरी व्हिडिओ कॉल चालू. मी भांडी घासली. आवडीने घासतो असं म्हणालो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रजेचा अर्ज. सुपरवायझर अरुणकुमार चांगला माणूस, पण त्याला गंमत वाटते. "फिर कोर्ट? तुम्हारा केस है या कंटेनर? इधर से उधर, इधर से उधर।" पाच दिवस दिले. इतर वेळी तीन पुरायचे.

हा हिशेब कुणाच्या लक्षात आला नाही, माझ्यासकट. मुंबईला उतरलं की हायकोर्ट टॅक्सीने तासाभरावर. आता उतरल्यावर पुढे पुन्हा कोल्हापूरपर्यंत बस. कोर्ट सगळ्यांना जवळ आलं, मला लांब गेलं. आणि सह्या गोळा करणारा मीच! शहाणाच आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर. कोल्हापूर

आली नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर. मिरज

काल लिहिता आलं नाही. आज बबीताच्या माडीवर बसून लिहितोय.

साडेदहाला पोचलो. शर्ट घातलेला, बुटांची पिशवी हातात. आवार माणसांनी फुललेलं. गावाकडची माणसं, डबे घेऊन आलेली, बायका झाडाखाली बसलेल्या. एक आजोबा सगळ्यांना सांगत होते, "आयुष्यात पहिल्यांदा हायकोर्ट बघितलं बघा. दुपारच्या एस.टी.नं घरी जाणार!" सगळे खूश. मला त्या आजोबांचा राग आला. का, ते माहीत नाही.

मग राणी दिसली. बरोबर पोपटराव. मुंबईला ते कधी आले नव्हते, एवढा प्रवास झेपत नाही म्हणून. इथं काय, स्वतः गाडी चालवत आले. मी राणीच्या मागे बघितलं. बाजूला बघितलं. गाडीपर्यंत जाऊन आलो.

राणी माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं. पोपटराव मध्ये आले. सहा वर्षांनी माझ्याशी बोलले.

"पोरगी न्हाई आणली. शाळा हाय तिची."

मी म्हटलं, कोर्टाचा हुकूम आहे.

"मुंबैच्या कोर्टानं मागितली व्हती म्हणून राणी घिऊन जायची. दर येळंला म्हणायची, आण्णा, हुकूम हाय, न्यावीच लागतीया. मी कधी आडवलं न्हाई. पर हितं कोर्ट नवं, जज नवं. आता घरापासनं तासाभराची वाट. पोरीला उगंच ह्येलपाटं कशापायी?"

राणी खाली बघत होती. पायाच्या अंगठ्याकडे.

आत पुकारा झाला. पाच मिनिटं. जज म्हणाले, जुनं प्रकरण आहे, आता तारीख नाही, चौदा जानेवारीला अंतिम सुनावणी. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "बघा! म्हटलं नव्हतं?"

बुटांची पिशवी मी राणीच्या हातात दिली. तिनं घेतली. पेढे वाटणारा कुणीतरी आला आणि माझ्याही हातावर एक पेढा ठेवून गेला. तो खाल्ला. का खाल्ला?

बबीता म्हणतेय, दादा, जेव. जेवतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

विमानात शेजारी एक बाई लहान मुलीला झोपवत होती. डोळे मिटून घेतले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

केबिनमध्ये दिवसभर तेच. आणली नाही. आणली नाही. एक डबा चुकून दुसऱ्या रांगेत ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. अरुणकुमारने वॉकीटॉकीवर विचारलं, "तबियत ठीक है?"

राग येतोय. बरं वाटतंय राग आल्यावर. निदान काहीतरी येतंय.

हायकोर्टाचा हुकूम मोडला त्यांनी! बेंच बदललं म्हणून हुकूम बदलतो काय? म्हातारा म्हणतो कोर्ट नवं. कोर्ट तेच आहे, नुसती बसायची जागा नवी. हे मी दीडशे माणसांना समजावून सह्या घेतल्यात — मला शिकवतो!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मॅडमना फोन केला. म्हटलं, अवमान याचिका टाका. राणीवर. मुलीला आणली नाही म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "कोणत्या ऑर्डरचा अवमान?"

म्हटलं, मुलीला आणायची ऑर्डर. मार्च बावीसची.

"रामेश्वर, ती ऑर्डर तुम्ही वाचलीय का?"

म्हटलं, तुम्हीच पाठवली होती ना.

"पाठवली होती. वाचलीय का?"

मी म्हटलं, मला कायदा शिकवू नका, फी देतो मी. असं बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "आज पुन्हा पाठवते. आधी वाचा. मग बोलू." आणि ठेवला.

पाठवली. उघडली नाही. त्या पण पोपटरावांना सामील असतील. सांगलीच्याच ना.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

राणीला मेसेज केला. तिचा नंबर सहा वर्षं फोनमध्ये आहे, कधी एक अक्षर पाठवलं नव्हतं. आज सकाळी अश्फाक नमाजला गेल्यावर बसून लिहिला. तीनदा खोडला. शेवटी गेला तो असा —

"हायकोर्टाचा हुकूम असताना तू शरयूला आणली नाहीस. हा कोर्टाचा अवमान आहे. याला जेल होते. तुला आणि तुझ्या बापाला दोघांना कोर्टात खेचणार. मी सोडणार नाही."

अश्फाक आला तेव्हा दाखवला. वाचून म्हणाला, "असा लिवतात काय रे बायकांना? मेल्या, तुझ्या पोरीची आय आहे ती."

मी म्हटलं, तुला काय कळतं, तुझी बायको-पोरं रोज व्हिडिओवर नाचतात. चहा केला त्यानं, माझा पण. मी प्यायलो नाही. गार झाल्यावर प्यायलो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

निळ्या टिक्स पडल्यात. उत्तर नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

उत्तर आलं! दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत.

"बरं. चौदा जानेवारीला आणते. आण्णांना मी सांगते, हुकूम आहे म्हणून. बूट बरोबर बसले."

घाबरली. कोर्टाचं नाव काढलं की सगळे घाबरतात. आधीच असा दणका द्यायला हवा होता! उगाच इतकी वर्षं गप्प बसलो.

चेतनला सांगितलं. तो म्हणाला, जिरवलीस की लेका. अश्फाकला सांगितलं. तो म्हणाला, "बूट बसले म्हणून कशाला लिवलान तिनं? घाबरलेला माणूस असा लिवतो काय?"

कोकण्यांना फाटे फोडायची सवयच असते.

पण ते वाक्य दहा वेळा वाचलं. बूट बरोबर बसले. म्हणजे पाय आता केवढा झाला असेल? नंबर चौतीस. दुकानात जाऊन परत एकदा चौतीस नंबरचा बूट हातात धरून बघावा असं वाटलं. वेड लागलंय.

मंगळवार, २ डिसेंबर

जानेवारीच्या रजेला अरुणकुमार कुरकुर करतोय. करू दे. आकाशी शर्टाचं वरचं बटण सैल झालंय, ते शिवून घेतलं. शरयू कदाचित तिथपर्यंत आली असेल.

मॅडमची माफी मागायला हवी. फोन लावला. उचलला नाही. मेसेज केला — मॅडम, चुकलो, रागात बोललो. राणी मुलीला आणते म्हणालीय, आता अवमान नको.

त्यांचं उत्तर लगेच आलं. "वाचली का ऑर्डर?"

बुधवार, ३ डिसेंबर

उघडली. तीनच पानं होती. मी वाचली, खात्री वाटेना म्हणून अश्फाककडून वाचून घेतली. तिसऱ्या पानावर, तारखेच्या वर, दोन ओळी. मुलीशी आमचं बोलणं झालं आहे. यापुढे कोणत्याही तारखेला तिला कोर्टात आणण्याची गरज नाही.

खाली तारीख, अकरा मार्च दोन हजार बावीस.

त्यानंतर मुंबईला पाच तारखा झाल्या. पाचही वेळा राणीने तिला आणली होती.